कातडीच्या तुकड्यात डॉक्टर काय पाहतात?



अंगावर चट्टा उठतो. महिना-दोन महिने मलम लावूनही जात नाही, म्हणून माणूस मोठ्या दवाखान्यात जातो. तिथले डॉक्टर चट्टा तपासतात आणि म्हणतात, "छोटासा तुकडा काढून तपासायला पाठवू." एवढे ऐकले की घरात घबराट सुरू होते. तुकडा काढायचा म्हणजे कॅन्सरच असणार, असे शेजारीपाजारी सांगतात. कोणी म्हणते, हत्यार लागले की रोग अंगभर पसरतो. मग केसपेपर पिशवीत तसाच राहतो आणि माणूस पुन्हा मेडिकलच्या दुकानातून ट्यूब आणून लावू लागतो. आजच्या सदरात या तुकड्याविषयीच बोलू. तो का काढतात, सूक्ष्मदर्शकाखाली त्यात काय दिसते, आणि ही तपासणी वाया जाऊ नये म्हणून आपण काय करायला हवे, हे समजून घेऊ.

पहिली गोष्ट ही की, कातडीचा तुकडा फक्त कॅन्सरसाठी काढत नाहीत. इसब, सोरायसिस, लायकेन प्लॅनस, अंगावर फोड येणारे आजार, औषधांची रिअॅक्शन, कुष्ठरोग, कातडीचा क्षयरोग, अशा कितीतरी आजारांत कातडीला दाह होतो, म्हणजे आतून सूज येते. बाहेरून यांतले पुष्कळसे एकमेकांसारखे दिसतात. चट्टा, खाज, कोंडा, काळेपणा, एवढीच बाहेरची खूण. शिवाय आपल्या सावळ्या कातडीवर लाली नीट उठून दिसत नाही. गोऱ्या कातडीवर जो चट्टा लालभडक दिसेल, तोच आपल्या अंगावर जांभळट किंवा काळपट दिसतो. म्हणून नुसत्या नजरेने कधीकधी अनुभवी डॉक्टरचाही निर्णय होत नाही. अशा वेळी कातडीच्या आत पाहावे लागते.

कातडी म्हणजे विटांची भिंत

आपल्यापैकी अनेकांच्या घरात गवंडीकाम करणारे कोणी ना कोणी असते. त्यामुळे भिंतीचे उदाहरण घेऊ. कातडीचा वरचा पातळ थर म्हणजे विटांची भिंत. या विटा म्हणजे पेशी. नव्या पेशी तळाशी तयार होतात, हळूहळू वर सरकतात आणि शेवटी सुकून, चपट्या होऊन गळून पडतात. निरोगी कातडीत हा प्रवास साधारण महिनाभराचा असतो. विटांना जसे सिमेंट धरून ठेवते, तसे पेशींना एकमेकींशी घट्ट जोडणारे धागे असतात.

या भिंतीच्या खाली कातडीचा दुसरा, जाड थर असतो. त्यात रक्तवाहिन्या, मज्जातंतू, घामाच्या ग्रंथी आणि केसांची मुळे असतात. त्याच्याही खाली चरबीचा थर. वरची भिंत खालच्या थरावर सपाट ठेवलेली नसते. तिच्या तळाला बोटांसारखे फाटे असतात आणि ते खाली रुतलेले असतात. निरोगी कातडीत हे फाटे आखूड असतात. रोग झाला की त्यांचा आकार बदलतो. डॉक्टर सूक्ष्मदर्शकात सगळ्यात आधी जे पाहतात, त्यात हा आकार असतो.

तुकडा काढतात कसा?

भुलीचे इंजेक्शन देऊन ती जागा बधिर करतात. सुई टोचताना जे दुखते तेवढेच. नंतर पेनच्या टोकाएवढ्या गोल हत्याराने तीन-चार मिलिमीटरचा तुकडा काढतात. म्हणजे साधारण मसुरीच्या दाण्याएवढा. एखादा टाका घालतात. पाच-दहा मिनिटांचे काम असते. माणूस चालत घरी जातो. या तपासणीने दाहाचा आजार पसरत नाही. मधुमेह असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, किंवा पूर्वी भुलीच्या इंजेक्शनचा त्रास झाला असेल, तर मात्र आधी सांगावे. गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

तुकडा फॉर्मेलिनच्या बाटलीत प्रयोगशाळेत जातो. तिथे तो मेणात बसवतात आणि यंत्राने त्याचे काप करतात. एका मिलिमीटरचे दोनशे भाग करावेत, इतके ते काप पातळ असतात. मग काचेवर ठेवून रंगवतात. हिमॅटॉक्सिलिन नावाचा रंग पेशीच्या केंद्राला निळा-जांभळा करतो. हा रंग मध्य अमेरिकेकडच्या एका झाडाच्या लाकडातून काढतात. दुसरा रंग इओसिन. तो बाकीचा भाग गुलाबी करतो. या दोन रंगांत सगळे चित्र उभे राहते आणि पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे विकृतिशास्त्राचे डॉक्टर, ते वाचतात.

आधी दुरून, मग जवळून

हे चित्र वाचण्याची एक शिस्त आहे. अमेरिकेतले डॉ. ए. बर्नार्ड अॅकरमन (१९३६-२००८) यांनी १९७८ साली दाहाच्या त्वचारोगांवर एक पुस्तक लिहिले. त्यांचे सांगणे असे की, सुरुवातीलाच मोठ्या भिंगाने एकेक पेशी पाहत बसू नका. आधी लहान भिंगाने पूर्ण तुकडा पाहा. सुजेच्या पेशींची गर्दी कुठे झाली आहे आणि तिची मांडणी कशी आहे, हे ठरवा. या मांडणीलाच नमुना म्हणतात. नमुना ओळखला की रोगाचे कुळ कळते. मग मोठ्या भिंगाने बारकावे पाहून त्या कुळातला नेमका रोग शोधायचा. मोर्चा पाहायचा तर आधी गच्चीवरून पाहावा. लोक कुठे जमले आहेत, रस्त्याच्या कडेला की चौकात, हे कळते. चेहरे नंतर ओळखता येतात.

अॅकरमन यांनी असे नऊ नमुने मांडले. वरच्या रक्तवाहिन्यांभोवती गर्दी. वरच्या आणि खोलवरच्या, दोन्ही रक्तवाहिन्यांभोवती गर्दी. रक्तवाहिन्यांच्या भिंतींचाच दाह. पेशींच्या गाठी किंवा सगळीकडे पसरलेली दाटी. विटांच्या थराच्या आत फोड. विटांच्या थराच्या खाली फोड. केसांच्या मुळांशी दाह. कातडी आतून घट्ट, तंतुमय होणे. आणि चरबीच्या थराचा दाह. पुढे इतरांनी यात भर घातली, फेरफार केले. पण आधी मांडणी पाहण्याची रीत आजही शिकवली जाते.

आता आपल्याकडे नेहमी आढळणारे काही नमुने पाहू.

भिंतीत पाणी मुरले: इसब

इसबात विटांच्या मधल्या फटींत पाणी शिरते. पेशी एकमेकींपासून दूर ताणल्या जातात आणि थर स्पंजासारखा दिसतो. पाणी वाढले की बारीक पुळ्या येतात, त्या फुटून चट्टा ओला होतो. सिमेंटात काम करणाऱ्यांच्या हातापायांना होणारे इसब याच नमुन्याचे असते. सिमेंटमधील क्रोमियमच्या क्षारांची अनेकांच्या कातडीला अॅलर्जी येते. कपाळावरच्या टिकलीच्या डिंकाने, केसांच्या काळ्या रंगाने किंवा रबरी हातमोज्यांनी होणारे इसबही असेच दिसते.

म्हणजेच तुकडा सांगतो की हे इसब आहे. ते सिमेंटने झाले की हातमोज्याने, हे तुकडा सांगू शकत नाही. त्यासाठी पाठीवर पट्ट्या चिकटवून करायची पॅच टेस्ट असते. आणि त्याच्याही आधी तुमचे काम काय आहे, हे डॉक्टरांना कळले पाहिजे.

भिंत घाईघाईने बांधली: सोरायसिस

सोरायसिसमध्ये महिनाभराचे काम काही दिवसांत उरकले जाते. पेशी पिकायच्या आतच वर येतात. निरोगी कातडीच्या सगळ्यात वरच्या थरातील पेशींत केंद्र उरलेले नसते. सोरायसिसमध्ये ते तिथेही दिसते. कच्च्या विटांचा हा थर म्हणजेच चंदेरी कोंडा. खालचे फाटे लांब आणि एकसारखे झालेले असतात, जणू कंगव्याचे दात. त्यांच्या मधल्या जागेत रक्तवाहिन्या फुगून अगदी वरपर्यंत आलेल्या असतात. म्हणून कोंडा खरवडला की रक्ताचे बारीक ठिपके दिसतात. वरच्या थरात पांढऱ्या रक्तपेशींचे बारीक पुंजके असतात. त्यांना ऑस्ट्रेलियातील डॉक्टर मुनरो यांचे नाव आहे.

या पुंजक्यांत कोणतेही जंतू नसतात. सोरायसिस स्पर्शाने होत नाही. एका ताटात जेवल्याने, एका अंथरुणात झोपल्याने होत नाही. सोरायसिस झालेल्या सुनेच्या हातचे अन्न न खाणे किंवा मुलाला आईपासून दूर झोपवणे, याला काहीही आधार नाही.

पायाशी गर्दी: लायकेन प्लॅनस

मनगटावर, घोट्यावर जांभळट, चपटे, चकचकीत फोड येतात आणि त्यांना भयंकर खाज असते. हा लायकेन प्लॅनस. यात पांढऱ्या रक्तपेशींचा एक आडवा पट्टा भिंतीच्या पायाला अगदी चिकटून उभा असतो. त्या तळातल्या पेशींवर हल्ला करतात. फाट्यांचे टोक कुरतडले जाऊन करवतीच्या दात्यांसारखे होते. तळातल्या पेशींत कातडीचा काळा रंग असतो. त्या मोडल्या की तो रंग खाली सांडतो आणि तिथेच अडकून राहतो. म्हणून आपल्या कातडीवर हा आजार बरा झाल्यावरही काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. डाग राहिला म्हणजे रोग राहिला, असे नाही. हे न समजल्यामुळे अनेकजण बरे झाल्यावरही औषधे बदलत राहतात.

काही गोळ्यांच्या रिअॅक्शनमुळेही जवळजवळ हाच नमुना दिसतो. म्हणून कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे सांगणे फार महत्त्वाचे.

भिंत कुठे फाटली: फोडांचे आजार

अंगावर पाण्याचे मोठे फोड आले, तर ते नेमके कोणत्या पातळीवर आहेत, यावर सगळे अवलंबून असते. पेम्फिगस या आजारात विटांमधले सिमेंटच सुटते. पेशी एकमेकींपासून सुट्या होतात आणि फोड विटांच्या थराच्या आत तयार होतो. तळाची एकच रांग जागेवर उभी राहते. अशा फोडाचे आवरण नाजूक असते, लगेच फुटते. तोंडातही जखमा होतात. उपचार न झाल्यास हा आजार जिवावर बेततो. पेम्फिगॉइड या आजारात अख्खी भिंतच पायापासून उचलली जाते. त्याचे फोड ताठ असतात. तो बहुधा म्हातारपणी होतो.

दोन्ही आजारांत शरीराचीच संरक्षक द्रव्ये आपल्या कातडीवर उलटतात. पेम्फिगसमधील अशी द्रव्ये बॉयटनर आणि जॉर्डन या अमेरिकन संशोधकांनी १९६४ साली दाखवून दिली. त्यासाठी चमकणारा रंग वापरून वेगळी तपासणी करावी लागते. तिचा तुकडा फॉर्मेलिनमध्ये टाकत नाहीत. म्हणून डॉक्टरांनी दोन तुकडे काढले तर घाबरू नका. एकाच आजाराच्या त्या दोन तपासण्या असतात.

गाठी आणि मज्जातंतू: कुष्ठरोग

काही आजारांत सुजेच्या पेशी एकत्र येऊन गोल गाठी बांधतात. कातडीच्या क्षयरोगात अशा गाठी दिसतात. कुष्ठरोगाच्या एका प्रकारातही दिसतात, पण तिथे त्या मज्जातंतूंच्या वाटेने लांबट पसरलेल्या असतात आणि मज्जातंतू खाऊन टाकतात. म्हणून चट्टा बधिर होतो. ज्यांची प्रतिकारशक्ती या जंतूपुढे कमी पडते, त्यांच्यात गाठी बनतच नाहीत. फेसाळ दिसणाऱ्या पेशींची दाटी होते आणि त्यांत जंतू खच्चून भरलेले असतात. रिडले आणि जॉपलिंग यांनी १९६६ साली या दोन टोकांमधल्या पायऱ्यांची जी वर्गवारी मांडली, ती आजही वापरतात. आपल्या मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयातले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५-१९७८) यांनीही कुष्ठरोगातील ऊतींचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास केला होता.

कुष्ठरोगासाठी प्रत्येक वेळी तुकडा काढावा लागत नाही. फिकट किंवा लालसर बधिर चट्टा आणि जाड झालेली नस, एवढ्यावरही बहुधा निदान होते. शंका असेल तेव्हा तुकडा कामी येतो. डिसेंबर २००५ मध्ये दर दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण, हे उद्दिष्ट देशाने गाठले. याचा अर्थ रोग संपला असा नाही. नवे रुग्ण आजही सापडतात, त्यांत लहान मुलेही असतात. सरकारी दवाखान्यात बहुविध औषधोपचार फुकट मिळतो. रोगाच्या प्रकाराप्रमाणे तो सहा किंवा बारा महिने घ्यायचा असतो. उशीर झाला तर रोग बरा होतो, पण मेलेली नस परत येत नाही. बोटे वाकडी होतात, पायाला जखमा होतात आणि रोजंदारी जाते.

या रोगाची भीती घर मोडण्यापर्यंत जात असे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे एक कारण होते, आणि तो कायदा बौद्धांनाही लागू आहे. २०१९ च्या दुरुस्तीने हे कारण काढून टाकले. तेव्हा रिपोर्टमध्ये कुष्ठरोग आला म्हणून कोणी एखाद्या भगिनीला घराबाहेर काढण्याची धमकी देत असेल, तर कायदा त्याच्या बाजूने नाही.

रिपोर्ट अर्धवट का येतो?

आता मुख्य मुद्दा. नमुना रोगाचे कुळ सांगतो. माणसाचे नाव मात्र कुळावरून कळत नाही. वर्षानुवर्षे खाजवलेले इसब सूक्ष्मदर्शकाखाली सोरायसिससारखे जाड दिसू शकते. औषधाची रिअॅक्शन लायकेन प्लॅनससारखी दिसू शकते. मग पॅथॉलॉजिस्ट तुकड्याबरोबर आलेल्या चिठ्ठीकडे पाहतात. त्या चिठ्ठीवर "चट्टा, तपासणीसाठी" एवढेच लिहिलेले असेल, तर रिपोर्टही तसाच मोघम येतो. लोक म्हणतात, पैसे गेले आणि निदान झाले नाही. ही चिठ्ठी भरली जाते ती आपण सांगितलेल्या माहितीवरून. गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरांना विचारायला वेळ नसेल, तर आपण होऊन सांगावे. घरूनच कागदावर लिहून न्यावे. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून लिहून घ्यावे.

त्या कागदावर एवढे असावे. चट्टा कधी आणि कुठे सुरू झाला. खाज आहे की बधिरपणा. तोंडात जखमा आहेत का. काम काय करता, हाताला काय लागते. गेल्या दोन-तीन महिन्यांत कोणत्या गोळ्या घेतल्या, त्यांत वैदूचे आणि जडीबुटीचे औषधही आले. कोणते मलम किती दिवस लावले. घरात आणखी कोणाला असाच त्रास आहे का.

मलमाने पुसलेला पुरावा

मलमाविषयी वेगळे सांगायला हवे. दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या अनेक ट्यूबमध्ये स्टेरॉइड असते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून नियम कडक केले, तरी विक्री चालूच आहे. स्टेरॉइडने खाज चार दिवसांत थांबते, कारण सुजेच्या पेशींची गर्दी पांगते. पण डॉक्टरांना जो नमुना पाहायचा असतो, तो याच गर्दीचा असतो. ती पांगली की सूक्ष्मदर्शकाखाली काही धड दिसत नाही. गजकर्णावर असे मलम लावले तर बुरशी आतल्या आत वाढते आणि चट्ट्याचे रूप इतके बदलते की तो गजकर्ण वाटतच नाही. खरे तर गजकर्णासाठी तुकड्याची गरजही क्वचितच लागते. चट्टा खरवडून आलेला कोंडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तरी बुरशी दिसते.

म्हणून तुकडा काढायचे ठरले असेल, तर आधी कोणते मलम लावले ते लपवू नका. ते किती दिवस बंद ठेवायचे, हे डॉक्टरांना विचारा. फोड असतील तर ताजा फोड आल्याबरोबर दवाखान्यात जा. खाजवून सोललेल्या किंवा पिकलेल्या जागेचा तुकडा फारसे सांगत नाही. टाके असेपर्यंत जखम स्वच्छ ठेवा आणि सांगितलेल्या दिवशी टाके काढून घ्या.

शेवटी रिपोर्टविषयी. तो यायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. तो आणायला जा, आणि ज्या डॉक्टरांनी तुकडा काढला त्यांनाच दाखवा. कारण त्यांनी चट्टा पाहिलेला असतो आणि पॅथॉलॉजिस्टने फक्त काच पाहिलेली असते. दोघांचे जुळले की निदान पक्के होते. जुळले नाही, तर पुन्हा तुकडा काढावा लागू शकतो. त्यात कोणाची चूक असतेच असे नाही, रोगाचे रूप काळाबरोबर बदलते. रिपोर्टचा कागद रेशनकार्डाजवळ जपून ठेवा. त्यावरचा नंबरही जपा. पुढे दुसऱ्या दवाखान्यात जायची वेळ आली, तर त्या नंबरावरून जुनी काच पुन्हा पाहता येते की नाही, हे विचारता येते.

घरात कोणाच्या अंगावर महिन्याहून जुना, न जाणारा चट्टा असेल, तर या आठवड्यात त्या चट्ट्याला बारीक कापसाने स्पर्श करून पाहा. डोळे मिटून स्पर्श कळत नसेल, तर ट्यूब आणायला जाऊ नका. सरळ सरकारी दवाखाना गाठा.